ध्यानाला बसलं की मन जास्तच का भरकटतं?

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. विचारणारे गृहस्थ पस्तिशीतले. घणसोलीत वन बीएचके, वीस वर्षांचं गृहकर्ज, ऐरोलीच्या आयटी पार्कात नोकरी, सतत बदलणारी शिफ्ट. घरात आई, बायको आणि शाळेत जाणारा मुलगा. लहानपणापासून त्रिशरण-पंचशील तोंडपाठ, पौर्णिमेला विहारात जाणं ठरलेलं. ते लिहितात, "एवढं असूनही घरात ओरडतो. रात्री पडल्या पडल्या हप्त्यांचा हिशेब सुरू होतो. ॲपवर बघून रोज दहा मिनिटं डोळे मिटून बसतो, तर मन शांत व्हायच्याऐवजी जास्तच भरकटतं. ऑफिसात एक जण आरक्षणावरून टोमणे मारतो, त्याच्याबद्दल मैत्रीभावना ठेवायची म्हणजे गप्प बसायचं का? आणि बायको म्हणते, ही सगळी तुमची नाटकं आहेत. तिला कसं समजावू?"

मी ऐरोलीत राहतो. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात तिन्ही पाळ्या करून निवृत्त झालो आणि बरीच वर्षं आमच्या विहारात रविवारी सकाळी ध्यानवर्ग घेतो. वर्गाला येणाऱ्या बहुतेकांचं गाऱ्हाणं तुमच्यासारखंच असतं: शांती मिळत नाही. माझं उत्तर त्यांना फारसं आवडत नाही, कारण मी आधी ध्यानाबद्दल बोलतच नाही. काल घरात कोणाला काय बोललात आणि पगार कुठे जातो, हे विचारतो.

ही माझी लहर नाही. अंगुत्तर निकायात, म्हणजे बुद्धवचनांच्या एका जुन्या संग्रहात, आनंद हा शिष्य भगवान बुद्धांना विचारतो, कुशल शीलं पाळायची ती कशासाठी? उत्तर मिळतं, मागाहून खंत लागू नये म्हणून. खंत नसण्याचा उपयोग काय, असं आनंद पुढे पुढे विचारत जातो आणि साखळी उलगडत जाते. खंत नसली की मन प्रसन्न राहतं, प्रसन्न मनात प्रीती येते, प्रीतीने काया निवते, निवलेल्या कायेला सुख वाटतं आणि सुखी माणसाचं चित्त एकाग्र होतं. एकाग्रता एवढ्या उशिरा येते. लगेच पुढच्या सुत्तात, म्हणजे उपदेशात, भगवान म्हणतात की शीलवान माणसाला "मला खंत न लागो" अशी इच्छासुद्धा धरावी लागत नाही, ते आपसूक होतं. याची दुसरी बाजू तुम्ही रोज अनुभवताय. संध्याकाळी आईवर खेकसून रात्री कानाला हेडफोन लावून "मी शांत आहे" म्हणत बसलं, तर मनाला ते पटत नाही. मन अडाणी नसतं.

तेव्हा डोळे मिटल्यावर तुमच्यासमोर जे उभं राहतं, त्यात ध्यानाचा काही दोष नाही. दिवसभर मोबाईल, मीटिंग आणि गर्दी यांच्याखाली दबलेलं सगळं पहिल्यांदाच मोकळं होऊन वर येतं. दहा मिनिटांत ते मिटवायचा प्रयत्न सोडा. ते तयार कुठे होतं तिकडे बघा.

हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं बोलणं आणि नशा यांपासून दूर राहण्याचं पंचशील आपल्याला इतकं पाठ असतं की म्हणताना ते ऐकू येत नाही. पहिलं, तिसरं आणि पाचवं यांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, तिथे काही ठसठसत नसावं असं धरून चालतो. (दारूबद्दल एवढंच, की "ऑफिसच्या पार्टीपुरती" म्हणणाऱ्यांची पार्टी दर शुक्रवारी असते.) दुसऱ्या शीलावर मात्र थोडं थांबा. न दिलेलं घेणं म्हणजे फक्त खिसा कापणं नव्हे. कर वाचावा म्हणून जोडलेली घरभाड्याची खोटी पावती, घरून काम करताना लॉगिन चालू ठेवून काढलेली झोप, टीममधल्या नव्या मुलीने रात्र जागून केलेलं काम कॉलवर आपलं म्हणून सांगणं, हे सगळं त्यातच येतं. यातलं प्रत्येक मनात कुठेतरी नोंदवलं जातं आणि नेमकं डोळे मिटल्यावर पुढ्यात येतं.

पण बहुतेक घरांत ठिणगी पडते ती चौथ्या शीलापाशी. खोटं न बोलणं ही त्यातली फक्त सुरुवात. चहाडी, कठोर बोलणं आणि वायफळ बडबडही सम्यक वाचेत वर्ज्य आहे. अंगुत्तर निकायात चांगल्या वाणीच्या पाच कसोट्या दिल्या आहेत: योग्य वेळी बोललेली, खरी, मृदू, हिताची आणि मैत्रीच्या मनाने बोललेली. या पाचही कसोट्या एकदम लागू करून बघा. खरं बोलतो म्हणून छाती फुगवणारे कितीतरी जण पहिल्याच कसोटीला नापास होतात. पोरगा परीक्षेला निघताना "अभ्यास केला नाहीस" हे खरं असलं तरी त्याची वेळ गेलेली असते.

हे रोजच्या व्यवहारात कसं दिसतं ते जरा जवळून बघू. रात्रीचे पावणेअकरा झालेत. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी फोटो टाकतो. तुमच्या बाईकचं मागचं चाक त्याच्या पार्किंगच्या पिवळ्या पट्ट्यावर आलंय. खाली ओळ आहे, "काही लोकांना शिस्त माहीतच नसते." वाचता वाचता आधी पोटात काहीतरी आवळतं. कान तापतात, दातावर दात येतात, श्वास छातीतल्या छातीत आखूड होतो. शब्द अजून सुचलेलेही नसतात. मग "काही लोक" म्हणजे आपणच, आणि कोणत्या अर्थाने म्हटलंय तेही आपल्याला बरोबर कळलंय, असं मन ठरवून टाकतं. ते खरं असेल किंवा नसेलही. तोवर अंगठा चालायला लागतो: "आधी तुमच्या पाहुण्यांच्या गाड्या..."

प्रतीत्यसमुत्पादाच्या, म्हणजे एकातून एक दुःख कसं उभं राहतं त्या साखळीच्या, बारा कड्या तुम्ही प्रवचनात ऐकल्या असतील. त्यातल्या चार इथे अर्ध्या मिनिटात पार पडल्या. फोटो डोळ्याला दिसला हा स्पर्श. पोट आवळलं ती वेदना, म्हणजे नकोशी संवेदना. उत्तर दिल्याशिवाय चैन पडत नाही ही तृष्णा. "मी कोण आहे ते दाखवतोच" हे उपादान, म्हणजे घट्ट धरून बसणं. स्पर्श तुमच्या हातात नव्हता, वेदनाही नव्हती. हस्तक्षेप करायला जागा आहे ती वेदना आणि तृष्णा यांच्या मधे, आणि ती जागा डोक्यात सापडत नाही, शरीरात सापडते. दात आवळलेत हे कळलं तर तुम्ही अजून त्या फटीत उभे आहात. ते कळलंच नाही तर मेसेज गेलेला असतो.

म्हणून मी लोकांना ध्यानाचा पहिला सराव आसनावर देतच नाही. मोबाईल उपडा ठेवा, दोन्ही तळपाय जमिनीला टेकवा, पोटातलं आवळणं आहे तसं जाणवू द्या. ते घालवू नका, त्याला नाव ठेवू नका. पाच-सहा श्वासांत ते थोडं सैल होतं. नाही झालं तर उत्तर सकाळी द्या. सकाळी "बाईक हलवली, क्षमस्व" एवढं लिहिलं की विषय संपतो. त्यात तुमचा कमीपणा नाही, चाक खरंच पट्ट्यावर होतं.

आपल्या मुलाला, कोवळ्या वयातल्या राहुलाला, भगवंतांनी यासाठीच एक साधी रीत शिकवली होती. आरसा कशासाठी असतो, असं विचारून ते म्हणाले, तसंच कायेने, वाचेने, मनाने जे करशील ते करण्याआधी, करताना आणि केल्यावर पाहत जा, की यातून मला किंवा दुसऱ्याला त्रास होतोय का. करण्याआधी पाहणं सुरुवातीला कोणालाच जमत नाही. केल्यावर पाहायला लागा. झोपण्याआधी दिवसातलं एकच बोलणं आठवायचं, सगळा दिवस उकरायचा नाही. जिथे चुकलं असेल तिथे दुसऱ्या दिवशी त्या माणसाला सांगून टाकायचं. मग ते "पाहणं" हळूहळू मागे सरकतं, केल्यानंतरचं करताना होऊ लागतं आणि एक दिवस करण्याआधी.

आता हप्त्यांकडे येऊ. धम्माचा आणि पैशाचा संबंध नाही असं आपल्याकडे उगाच मानलं जातं. दीघजाणू नावाचा कोलिय कुळातला एक गृहस्थ भगवंतांकडे आला आणि अगदी मोकळेपणाने म्हणाला, आम्ही संसारी माणसं, पोराबाळांच्या गराड्यात राहतो, काशीचं चंदन लावतो, सोनं-चांदी बाळगतो. आम्हाला झेपेल असं काही सांगा. भगवंतांनी त्याला संन्यास घे म्हटलं नाही. चार गोष्टी सांगितल्या: कामात उद्यम आणि कौशल्य, कष्टाने मिळवलेलं राखणं, चांगल्या माणसांची संगत आणि समजीविता, म्हणजे मिळकतीच्या मानाने जगणं. कमाई थोडी आणि राहणी डौलाची असेल तर लोक त्याला उंबर खाणारा म्हणतील, असं तिथे म्हटलंय. झाड गदागदा हलवायचं, सडा पाडायचा आणि खायची चार फळं. नवी मुंबईत हे झाड रोज हलवलं जातं. अगोदर घराचा हप्ता, त्यावर गाडीचा, त्यावर मुलाच्या वाढदिवसाच्या हॉलसाठी पर्सनल लोन आणि क्रेडिट कार्डावर फक्त किमान रक्कम भरणं.

सिगालोवाद सुत्तात मिळकतीच्या वाटणीचं गणितच दिलंय: चार भाग करा, एक भाग उपभोगाला, दोन भाग कामधंद्यात घाला, चौथा आपत्तीसाठी साठवा. ते त्या काळच्या गृहस्थी तरुणाला सांगितलेलं आहे, पगारदाराने जसंच्या तसं उचलायचं कारण नाही. मी ते असं लावतो. घराचा हप्ता, मुलाचं शिक्षण आणि स्वतःचं कौशल्य वाढवणं मिळून अर्धा पगार, खाणं-पिणं-हौस चौथाई, आणि उरलेल्या चौथाईला हात लावायचा नाही. तुमचा एकटा हप्ताच अर्ध्याच्या वर जात असेल, तर रात्रीच्या हिशेबांवर कुठलंही ध्यान चालणार नाही. बँकेत जाऊन मुदत वाढवून मिळते का ते विचारा, गावाकडचा वापरात नसलेला तुकडा असेल तर भावांशी बोला, दुसरी गाडी विका. हे मी धम्म म्हणूनच सांगतोय, व्यवहार म्हणून वेगळं काढून नाही.

याला आधारही आहे. अनाथपिंडिकाला भगवंतांनी गृहस्थाची चार सुखं सांगितली: संपत्ती असण्याचं, ती उपभोगण्याचं, कोणाचं देणं नसण्याचं आणि निर्दोष वागण्याचं. ऋण नसणं हे सुखांच्या यादीत आहे, हे लक्षात घ्या. आणि मग ते म्हणतात की पहिली तीन सुखं एकत्र केली तरी चौथ्याच्या सोळाव्या भागाची सर त्यांना येत नाही. अनाथपिंडिक श्रावस्तीचा बडा सावकार, त्याला हे सांगायचं म्हणजे केवढं धाडस. तुम्ही जिला आंतरिक शांती म्हणता, ती मला तरी या चौथ्या सुखापेक्षा वेगळी कधी दिसलेली नाही. कर्ज फिटायला वीस वर्षं लागतील. निर्दोष वागणं आजपासून करता येतं.

एवढं झाल्यावर आसनाकडे वळू.

दहा मिनिटं चालतील, पण ॲप बंद करा. कोणीतरी कानात बोलत राहिलं तर तुम्ही ऐकत बसता, पाहत नाही. वन बीएचकेत जागा मिळणं अवघड असतं हे मला माहीत आहे. आमच्या वर्गातले काही जण स्वयंपाकघरात, भांडी घासून झाल्यावर ओट्याखाली चटई टाकून बसतात. पाठ ताठ, पण ताणलेली नको. मांडी दुखत असेल तर खुर्चीवर बसा. लक्ष नाकपुड्यांच्या तोंडाशी. श्वास आत येतोय, बाहेर जातोय, एवढंच. तो लांब असेल तर लांब आहे हे कळू द्या, आखूड असेल तर आखूड आहे हे. आनापानसति सुत्ताची सुरुवात अशीच आहे आणि त्यात श्वास बदलायला कुठेही सांगितलेलं नाही. मन फार उधळलं तर मोजा: प्रत्येक उच्छ्वासाला एक आकडा, दहापर्यंत, मग पुन्हा एकपासून. आकडा हुकला की एकवर या. चरफडू नका. परत येणं हाच सराव आहे. दहा मिनिटांत चाळीस वेळा परत आलात तर चाळीस वेळा सराव झाला.

मन कशाने उधळतंय तेही ओळखायला शिका. परंपरेने पाच नीवरणं, म्हणजे मनाला अडवणारे अडथळे, सांगितली आहेत: हवंहवंसं वाटणाऱ्या गोष्टींची ओढ, द्वेष, सुस्ती, अस्वस्थता-खंत आणि शंका. वर ज्या खंतेबद्दल एवढं बोललो ती यातल्या चौथ्यात बसलेली आहे. प्रत्येक नीवरणाचा इलाज वेगळा. ओढ असेल तर ती गोष्ट किती टिकते ते बघा. द्वेष असेल तर मैत्रीभावना करा, त्याबद्दल पुढे सांगतो. शंका असेल तर जाणकाराला विचारा, तुम्ही आत्ता तेच करताय.

सुस्तीचं मात्र सांगायलाच हवं, कारण रात्रपाळीवाल्यांचा खरा शत्रू तोच. महामोग्गल्लानासारखा थोर शिष्यही ध्यानात डुलक्या काढत होता. भगवंतांनी त्याला क्रमाने उपाय सांगितले: ज्या विचाराने पेंग येते तो सोड, ऐकलेला धम्म मनात घोळव, मोठ्याने म्हण, कानाच्या पाळ्या ओढ आणि हातपाय चोळ, उठून डोळ्यांना पाणी लाव आणि चांदण्यांकडे बघ, मनात प्रकाश आण, चंक्रमण कर, म्हणजे ये-जा करत चाल. आणि एवढं करूनही नाही गेली तर? तर उजव्या कुशीवर सरळ झोप. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा सल्ला मी कारखान्यातून सकाळी घरी आल्यावर बऱ्याचदा मनापासून पाळलाय. नाईट करून आलेल्या माणसाने ध्यानाला बसण्याची जिद्द धरू नये. आधी झोप. तुमच्या शिफ्टनुसार वेळ बदलू द्या, फक्त रोज कुठेतरी असू द्या.

विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला जाऊ का, असं अनेक जण विचारतात. जा. इगतपुरीचं धम्मगिरी 1976 पासून चालू आहे, आपल्या जवळ बेलापूरला पारसिक हिलवरही केंद्र आहे. फी घेत नाहीत, झालेल्या साधकांच्या दानावर चालतं. दहा दिवस मौन, मोबाईल जमा. मात्र घरातलं भांडण टाळायला तिथे जाऊ नका. अकराव्या दिवशी ते भांडण दारात उभं असतं, आणि बायकोने दहा दिवस एकटीने आई आणि मुलगा सांभाळलेला असतो. तिच्याशी बोलून, तिच्याही दहा दिवसांची सोय लावून जा.

एक गोष्ट इथे मधेच सांगतो. झोप न लागणं महिनोन्महिने चालू असेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर तो धम्माच्या सरावातला कच्चेपणा नव्हे, आजार आहे. डॉक्टरकडे जा. सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलते. मानसोपचाराची औषधं चालू असतील तर शिबिराच्या अर्जात ते लपवू नका आणि ध्यान सुरू केलं म्हणून औषध बंद करू नका. भगवान भिक्षूंनाही आजारात औषध घेऊ देत असत, आपण कोण लागून गेलो.

आता तो टोमणे मारणारा. या प्रश्नावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे आपल्याच माणसांनी बराच घोळ घालून ठेवलाय.

सुत्तांमध्ये शल्य सुत्त नावाचं एक छोटं सुत्त आहे. त्यात म्हटलंय, सामान्य माणसाला एक बाण लागतो आणि लगेच तो दुसरा बाणही खातो. पहिला शरीराच्या वेदनेचा, दुसरा मनाने केलेल्या शोकाचा. शिकलेल्या श्रावकाला, म्हणजे शिष्याला, पहिलाच लागतो. तुमच्या ऑफिसातल्या माणसाने "तुमचं काय, तुम्हाला सगळं सोपं" असं म्हटलं, हा पहिला बाण. तो खरा आहे आणि तो त्याने मारलाय. ट्रान्स-हार्बरच्या डब्यात उभं राहून घरी येईपर्यंत तुम्ही त्याला मनातल्या मनात दिलेली वीस उत्तरं, आणि मग दार उघडल्या उघडल्या पोरावर फुटलेला आवाज, हा दुसरा. माझं सांगणं दुसऱ्या बाणाबद्दल आहे. पहिल्याबद्दल गप्प बसा, असं भगवान कुठेच म्हणालेले नाहीत.

अक्कोसक भारद्वाज नावाचा ब्राह्मण भगवंतांना शिव्या देत आला, तेव्हा त्यांनी त्याला विचारलं, तुझ्याकडे पाहुणे आले आणि त्यांनी तुझं जेवण घेतलं नाही तर ते कोणाकडे राहतं? तो म्हणाला, माझ्याकडेच. मग ह्या शिव्याही तुझ्याकडेच राहिल्या. गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण भगवान गप्प राहिले नाहीत हे कोणी लक्षात घेत नाही. त्यांनी समोरासमोर, शांत आवाजात, स्पष्ट उत्तर दिलं.

आपल्या भागाशी नातं सांगणारी दुसरी कथा पुण्ण या भिक्षूची. सुनापरांताला, म्हणजे परंपरेनुसार आपल्या सोपाऱ्याच्या बाजूला, तो धम्म सांगायला निघाला. भगवान म्हणाले, तिथली माणसं रागीट आहेत, शिव्या देतील. तो म्हणाला, हाताने मारत नाहीत एवढी तरी भली आहेत असं समजेन. हाताने मारलं तर? दगडाने मारत नाहीत, असं समजेन. अशी ती पार जीव घेण्यापर्यंत जाते. ही कथा सांगून कोणी तुम्हाला सोसत राहा म्हणेल तर मान्य करू नका. पुण्ण स्वतःच्या मर्जीने तिथे गेला, एक काम घेऊन गेला आणि सुत्त सांगतं की त्याच पावसाळ्यात त्याने शेकडो उपासक-उपासिका घडवल्या. त्याने फक्त द्वेषाला आपल्या कामात लुडबुड करू दिली नाही.

याचं आपल्या इतिहासातलं उदाहरण महाडचं. 20 मार्च 1927 ला चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यानंतर परिषदेला आलेल्यांवर लाठ्याकाठ्यांनी हल्ला झाला, बायका-माणसांची डोकी फुटली. उलट मारायची ताकद असलेले आणि इच्छा असलेले पुष्कळ जण बाबासाहेबांभोवती होते. त्यांनी त्यांना आवरलं. पण ते घरीही बसले नाहीत. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा महाड, मनुस्मृतीचं दहन, आणि तळ्याचा दावा न्यायालयात चालू राहिला तो मार्च 1937 मध्ये उच्च न्यायालयात जिंकेपर्यंत. एका भांडणाचा राग दहा वर्षं टिकत नाही. टिकतं ते वीर्य, म्हणजे सम्यक व्यायाम, सततचा योग्य प्रयत्न. तेव्हा धम्मदीक्षा अजून व्हायची होती, ती 14 ऑक्टोबर 1956 ला झाली, पण मला तरी ही दहा वर्षं धम्माचीच वाटतात.

तुमच्या बाबतीत हे असं करा. पुढच्या टोमण्याला त्याच दिवशी, दात सैल झाल्यावर, त्याला बाजूला घेऊन एका वाक्यात सांगा: "हे बोलणं मला मान्य नाही, परत बोलू नका." कारणं देऊ नका, स्वतःची गुणवत्ता सिद्ध करायला जाऊ नका. तारीख, वेळ, शब्द, कोण हजर होतं, हे वहीत लिहून ठेवा. थांबला नाही तर एचआरला लेखी द्या. चारचौघांत जातीवरून अपमान करणं हा 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, तिथवर गेलं तर वकिलाचा सल्ला घ्या. आणि ही सगळी पावलं उचलत असताना त्याचं वाईट व्हावं अशी इच्छा मनात धरू नका. तक्रार त्याच्या वागण्याविरुद्ध आहे. हे जमतं का? हळूहळू जमतं, आणि त्याच्यासाठीच मैत्रीभावना आहे.

पण तिचा क्रम पाळा. नवखे साधक पहिल्याच दिवशी शत्रूला मैत्री द्यायला जातात आणि राग आणखी पेटवून उठतात. आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्ग या ध्यानावरच्या जुन्या ग्रंथात स्पष्ट सांगितलंय की वैऱ्यापासून सुरुवात करू नये. आधी स्वतःला: मी सुखी असो, वैरमुक्त असो. मग आदर वाटतो अशा जिवंत माणसाला. मग ज्याच्याबद्दल प्रेमही नाही आणि रागही नाही अशाला. ही तिसरी पायरी लोक भरभर उरकतात, मला विचाराल तर सगळं मर्म तिच्यात आहे. तुमच्या गेटवरचा वॉचमन, रोज दिसतो, नाव माहीत आहे का? त्याला सुखी असो म्हणताना तो कुठे राहतो, जेवतो कधी, असं मनात येऊ लागतं. काही आठवडे इथेच राहा. टोमणेवाल्याची पाळी आपोआप येईल तेव्हा येईल.

राहिला शेवटचा प्रश्न, बायकोला कसं समजावू. समजावू नका.

सिगाल नावाचा तरुण राजगृहात पहाटे ओल्या केसांनी, ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना हात जोडत होता. का, तर वडील मरताना सांगून गेले म्हणून. भगवंतांनी त्याला सांगितलं की दिशा म्हणजे माणसं. पूर्व आईवडील, दक्षिण शिक्षक, पश्चिम बायको-मुलं, उत्तर मित्र, खाली नोकरचाकर, वर श्रमण, म्हणजे संन्यासी. खालच्या दिशेची कर्तव्यं वाचा एकदा: झेपेल एवढंच काम, जेवण आणि मजुरी, आजारपणात काळजी, घरात केलेलं गोडधोड वाटून खाणं, वेळेवर सुट्टी. तुमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या ताईंना दिवाळीत आणि भीमजयंतीला किती सुट्ट्या मिळतात, यावरून घरातला धम्म मला चटकन कळतो.

आणि पश्चिमेची, नवऱ्याने पाळायची कर्तव्यं पाच. तिचा मान ठेवणं. तिला कमी न लेखणं. तिच्याशी एकनिष्ठ राहणं. घरातला अधिकार तिच्या हाती सोपवणं. तिला दागिने आणून देणं. यात तिला धम्म शिकवणं कुठेही नाही. ती नाटक म्हणते, कारण तिने तुम्हाला वंदना म्हणताना पाहिलंय आणि त्यानंतर पाच मिनिटांनी डबा उशिरा झाला म्हणून ओरडतानाही. दोन्ही तिनेच पाहिलंय, तिचा निष्कर्ष पुराव्याला धरून आहे. कालाम लोकांना भगवंतांनी हेच तर सांगितलं होतं, की केवळ ऐकीव किंवा परंपरेने आलं म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. ती पारखतेय.

तेव्हा तिला विहारात या म्हणू नका. पगाराच्या चार भागांचा कागद तिच्यासमोर ठेवा आणि चौथा भाग कुठे ठेवायचा ते तिला ठरवू द्या. चौथं कर्तव्य तेच आहे. सकाळी डबा तुम्ही भरा, जमेल तसा. आईच्या गोळ्यांची जबाबदारी तुमच्याकडे घ्या. पौर्णिमेला उपोसथाचं व्रत धराल तर दुपारनंतर जेवण वर्ज्य असतं, म्हणजे त्या संध्याकाळी तुमच्यापुरता तिचा स्वयंपाकही वाचेल. तो दिवस मोबाईलशिवाय मुलाबरोबर काढा. काही महिन्यांनी ती काय म्हणते ते ऐका. पाचवं कर्तव्य, दागिन्यांचं, मात्र क्रेडिट कार्डावर पाळू नका. ते चौथा भाग पुरेसा साठल्यावर, तिला विचारून.